हटत नाही ते बॅकअप फोल्डर कसं काढावं

विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आणि जुने संगणक बदलण्याची निकड वाढली. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्याची हिशेब कचेरी असो वा कॉलेज रोडवरचा फोटो स्टुडिओ, जुनी बॅकअप डिस्क नव्या संगणकाला जोडली जाते आणि तिच्यावरचं मोठं फोल्डर काढायला गेलं की विंडोज परवानगी नाकारतं. आपण ॲडमिनिस्ट्रेटर असलो तरीही.

यात बिघाड काहीच नाही. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर फोल्डरच्या मालकाची नोंद नावाने होत नाही, एका लांबलचक ओळख-क्रमांकाने होते. नव्या संगणकावर त्याच नावाचं खातं उघडलं तरी क्रमांक वेगळा पडतो. म्हणून मालकाच्या जागी ‘एस-1-5-21’ने सुरू होणारी आकड्यांची माळ दिसते.

हात लावण्याआधी आत काय आहे ते बघा. ही पायरी कृपा करून गाळू नका. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं किमान 8 आर्थिक वर्षं जपावी लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने. टॅलीचा बॅकअप असेल तर त्याची दुसरी प्रत वेगळ्या संगणकावर रिस्टोअर करा, एखादं जुनं बिल उघडून पाहा. ते दिसलं तरच पुढे जा.

सी ड्राइव्हवरच्या फोल्डरचं नाव ‘विंडोज डॉट ओल्ड’ असेल तर पुढची खटपट नकोच. सेटिंग्जमधल्या ‘सिस्टम’, ‘स्टोरेज’, ‘टेम्पररी फाइल्स’ या वाटेने जा, विंडोजच्या आधीच्या आवृत्तीवर खूण करा आणि ती काढून टाका. ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ला मात्र हातही लावू नका.

बाकी फोल्डरांसाठी आधी मालकी, मग परवानगी, हा क्रम पाळा. कागदोपत्री नाव लागलं म्हणून वाड्याची किल्ली आपोआप हातात येत नाही, तसंच इथे आहे.

फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा. वर ‘ओनर’ लिहिलेलं दिसेल. त्याच्याशेजारचं ‘चेंज’ दाबा, आपल्या खात्याचं नाव टाका, ‘चेक नेम्स’ दाबून ते बरोबर ओळखलं गेलं का पाहा आणि ‘ओके’ करा. आतल्या सगळ्या फोल्डर-फाइलींचा मालक बदलण्याची चौकट खाली येते, तिच्यावर खूण करा. बहुतेकांचं काम इथेच अडतं; ती खूण राहिली तर फक्त वरचं फोल्डर तुमचं होतं, आतलं सगळं पूर्वीसारखंच बंद राहतं. ‘अप्लाय’ करा आणि सगळ्या खिडक्या बंद करा.

पुन्हा त्याच जागी या. ‘ॲड’मधून आपलं खातं निवडून ‘फुल कंट्रोल’ द्या. तळाशी आतल्या वस्तूंच्या परवानग्या बदलण्याची चौकट असते, तिच्यावरही खूण करा. लाखभर फाइली असतील तर वेळ लागेल. मध्येच डिस्क काढू नका. हा बदल फक्त त्या एका फोल्डरवर करायचा. अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी घेतली तर विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचं संरक्षण जातं आणि ते जसंच्या तसं परत बसवणं फार कठीण असतं.

आता फोल्डर निवडून शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबा. असं काढलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून योग्य फोल्डर निवडलंय ना, हे पुन्हा बघा.

फाइल वापरात असल्याचं सांगितलं तर बॅकअपचा प्रोग्राम बंद करा, संगणक रीस्टार्ट करा. तरीही नाही जमलं तर सेफ मोडमध्ये काढा. नाव फार लांब असल्याची तक्रार आली तर पूर्ण पत्ता सुमारे 260 अक्षरांच्या पलीकडे गेलेला असतो. आतली फोल्डरं एकेक करून थेट ड्राइव्हवर आणा, त्यांना एकाक्षरी नाव द्या आणि मग काढा.