जमिनीचा सामू आणि रंगाची साक्ष

लिंबू व चिंच आंबट लागतात, ती त्यांतील आम्लामुळे. चुन्याची निवळी व धुण्याचा सोडा हे विम्ल पदार्थ होत. आम्ल व विम्ल योग्य प्रमाणात एकत्र आल्यास परस्परांचा गुण नाहीसा करतात. ज्या पदार्थाचा रंग आम्लात एक व विम्लात दुसरा दिसतो, त्यास दर्शक म्हणतात. हळद हा घरोघरी आढळणारा दर्शक होय. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या टीपकागदावर चुन्याची निवळी टाकताच तांबडा डाग पडतो. त्यावर लिंबू पिळल्यास तो पुन्हा पिवळा होतो.

सामू म्हणजे काय ?

आम्लता व विम्लता मोजण्याचे हे माप डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 साली सुचविले. सामू 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक होय.

कोकणात अतिवृष्टीने चुना वाहून जातो व जमीन आम्ल बनते. तेथे चुना घालणे हितावह ठरते. याउलट अहिल्यानगर शहराचा भाग झालेल्या सावेडीच्या परिसरात व जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात पाऊस कमी. काळ्या खडकापासून झालेल्या जमिनीत चुना टिकून राहतो व ती विम्लतेकडे झुकते. अशा जमिनीत चुना किंवा राख घालणे म्हणजे रोगावर कुपथ्य करणे होय.

खारवट की चोपण ?

प्रवरेच्या कालव्यांखाली जेथे निचरा न राखता अतोनात पाणी दिले गेले, तेथे जमिनी बिघडल्या. बिघाड दोन प्रकारचा असतो. खारवट जमिनीवर पांढरा थर दिसतो, परंतु तिचा सामू सामान्यतः 8.5 पेक्षा कमी असतो. चोपण जमिनीचा सामू त्याहून अधिक असतो. सोडियममुळे तिच्या मातीचे कण विस्कटतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर ती दगडासारखी कठीण होते.

परीक्षा

शेतातील निरनिराळ्या ठिकाणची माती एकत्र मिसळावी. थोडी माती शुद्ध केलेल्या पाण्यात ढवळून निवळू द्यावी. विहिरीचे पाणी वापरू नये, कारण तेच विम्ल असू शकते. वरच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब टाकावेत. स्पष्ट गुलाबी रंग आल्यास जमीन चोपण असल्याचा संशय घ्यावा. रंग न आल्यास जमीन निर्दोष असे मात्र समजू नये; खारवटपणा या दर्शकास कळत नाही. निर्णय माती परीक्षण प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच करावा.

उपाय

खारवट जमिनीत चर काढून निचरा साधावा व चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. चोपण जमिनीत केवळ पाणी देऊन भागत नाही. तेथे अहवालात सुचविलेल्या प्रमाणात जिप्सम मिसळावे. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. सुटलेला सोडियम निचऱ्यावाटे बाहेर जातो. त्यानंतर धैंच्याचे हिरवळीचे खत गाडावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा शेतकरी बंधूंसमोर करून दाखवावी. जिप्समवर खर्च करण्यापूर्वी जमिनीचा दोष ओळखला, तर तो खर्च वाया जात नाही.