तरंगणारा कोळसा

बऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक आमच्या लालबागेत आहे. एके काळी येथून कोळशावर चालणारी इंजिने धावत. आता विजेची धावतात. तथापि कोळशाची गरज सरलेली नाही. पोलादाच्या कारखान्यांतील झोतभट्ट्यांना कोक लागतो, आणि त्यासाठी योग्य असा कमी राखेचा कोळसा आपल्या देशाला फार मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावा लागतो. म्हणून आपल्या खाणींतील बारीक भुकटीही वाया जाऊ देणे परवडणारे नाही.

गोंडवनी खडकांतील कोळशात मातीचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. कोळसा दगडाहून हलका असल्यामुळे मोठे तुकडे पाण्याच्या साहाय्याने निवडता येतात. परंतु अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भुकटीस ही युक्ती नीट लागू पडत नाही. तेथे फेनतरण उपयोगी पडते.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे आपण जाणतोच. ताजा, चांगल्या प्रतीचा कोळसाही पाण्याशी असाच फटकून वागतो. माती मात्र चटकन भिजते. भुकटी पाण्यात कालवून तीत थोडे डिझेल किंवा रॉकेल घालतात. ते कोळशाच्या कणांना माखते. मग फेस टिकविणारे द्रव्य घालून हवा सोडली, की कोळसा बुडबुड्यांना चिकटून वर येतो आणि माती पाण्यातच राहते. जर्मनीत ड्रेस्डेन येथील बेसेल बंधूंनी १८७७ साली ग्रॅफाइट शुद्ध करण्यासाठी बुडबुड्यांचा असाच उपयोग केला होता.

परंतु काही कोळसा हट्टी असतो. फार दिवस उघड्यावर पडलेल्या कोळशाचा प्राणवायूशी संयोग होतो; मग त्याचा पृष्ठभाग पाण्याला जवळ करतो आणि तेलाला दूर लोटतो. चिकणमातीचा लेप बसला तरी हेच घडते. नुसते तेल वाढविल्याने खर्च तेवढा वाढतो. यावर उपाय आहेत: जोराने ढवळून लेप सोडविणे, अतिसूक्ष्म चिकणमाती आधीच वेगळी करणे, तेलाचे बारीक थेंब करून ते मिसळणे आणि अशा पृष्ठभागालाही धरणारी द्रव्ये तेलाबरोबर वापरणे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे कोळसा ताजा असतानाच धुणे.

आमच्या शेजारचे नेपानगर वृत्तपत्राच्या कागदासाठी प्रसिद्ध आहे. रद्दीच्या लगद्यातून शाई वेगळी करण्यासही फेनतरणच वापरतात. कोणता कण पाण्याला धरतो आणि कोणता बुडबुड्याला, हे ओळखले की टाकाऊ वाटणाऱ्या वस्तूतूनही उपयुक्त भाग परत मिळविता येतो.