डिझेलचा धूर लघवीत शोधताना

एका वाचक भगिनीने लॅबच्या पॅकेजच्या जाहिरातीचं कात्रण पाठवलं आहे. वडील छप्पन वर्षांचे, तीस वर्षं ट्रक-बसच्या गॅरेजात मेकॅनिक. सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काळं उमटतं. “डिझेलचा धूर अंगात किती गेला ते लघवीतून कळतं म्हणे. करून घेऊ का?”

कळतं, पण पैसे भरण्याआधी थोडं थांबा.

डिझेलच्या काजळीचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यांना पायरीनसारखी तेलकट रसायनं चिकटलेली असतात. ती रक्तात उतरली की यकृत त्यांना पाण्यात विरघळेल असं रूप देतं. पायरीनचं होतं 1-हायड्रॉक्सीपायरीन, आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. ही तपासणी मोजते ते हेच. अडचण अशी, की त्याचं शरीरातलं प्रमाण 6 ते 35 तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे सुट्टी घेऊन सोमवारी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेलात, तर रविवारचा आराम मोजला जाईल. नमुना घ्यायचा तो आठवड्याच्या शेवटच्या ड्युटीनंतर, पाळी सुटता सुटता. आणि तोही क्रिएटिनिनच्या हिशेबात मांडायचा. नाहीतर दिवसभर पाणी न प्यायलेल्या माणसाची घट्ट लघवी उगीच ‘जास्त’ दाखवते. कात्रणात यातलं काहीच नाही. ‘सकाळचा पहिला नमुना’ एवढंच लिहिलंय.

शिवाय हे पायरीन फक्त डिझेलचं नसतं. बिडीत असतं, चुलीच्या धुरात असतं, तव्यावर मिश्री भाजताना घरभर पसरतं, निखाऱ्यावर काळ्या केलेल्या वांग्याच्या भरितातही थोडं येतं. मेकॅनिकच्या बाबतीत आणखी एक वाट आहे आणि ती नेहमी विसरली जाते. वडिलांचे हात पाहा. नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांच्या रेघांत जळक्या ऑइलचा जो काळा रंग मुरलाय, त्यातही हीच रसायनं असतात आणि ती कातडीतून आत जातात. पुष्कळ गॅरेजांत संध्याकाळी डब्यात डिझेल ओतून त्यातच हात धुतात. वंगण झटकन निघतं खरं, पण कातडीवरचं नैसर्गिक तेलही त्यासोबत जातं आणि आत शिरणाऱ्याला वाट मोकळी होते. तेव्हा अहवालातला आकडा वाढलेला दिसला, तर तो नाकातून आला, हातातून आला की बिडीतून, हे तो आकडा सांगत नाही.

संशोधकांनी म्हणून 1-नायट्रोपायरीनकडे मोर्चा वळवला. ते मुख्यतः डिझेल इंजिनातच तयार होतं, त्यामुळे त्याचे लघवीतले अवशेष डिझेलची खूण म्हणून जास्त भरवशाचे. पण त्यांचं प्रमाण इतकं सूक्ष्म, की मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. गल्लीतल्या लॅबचं ते काम नाही.

मग या तपासण्या कशाला आहेत? गटासाठी. एकाच गॅरेजातले पिटमधले मेकॅनिक, गाड्या धुणारे आणि ऑफिसातले कारकून, सगळ्यांचे नमुने आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी घेतले, कोण बिडी ओढतो ते नोंदवलं, की पिटवाल्यांच्या अंगात किती जास्त जातंय ते उघडं पडतं. एकट्या माणसाला ‘तुम्हाला कॅन्सर होईल की नाही’ हे त्यातून सांगता येत नाही. तसं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

धोका मात्र खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्ये डिझेलच्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं होतं. 2012 मध्ये तो ‘निश्चित’ गटात गेला, तो फुप्फुसाच्या कर्करोगामुळे. त्या निर्णयामागे अमेरिकेतल्या 8 खाणींमधल्या 12,315 कामगारांच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. आणि गंमत पाहा, तिथे धोक्याचं गणित लघवीवरून मांडलेलं नाही, खाणीच्या हवेतल्या कर्बावरून मांडलंय. कमरेला छोटा पंप, कॉलरजवळ फिल्टर, असं पाळीभर वागवलं की माणूस काय श्वासात घेतो ते मोजता येतं. युरोपीय संघाने 2023 पासून कामाच्या जागी घनमीटरला 0.05 मिलिग्रॅम कर्बाची मर्यादा घातली, तीही हवेलाच. मालकाकडे काही मागायचंच असेल, तर ही मोजणी मागा. त्याहून आधी सायलेन्सरला जोडून धूर बाहेर सोडणारा पाइप मागा, आणि शेडमध्ये गाडी रेस करणं बंद करायला लावा.

आता वडिलांचं. रुमालावरचं काळं म्हणजे नाकाने अडवलेली काजळी. खोल गेलेल्या कणांचा हिशेब त्यावरून लागत नाही. पॅकेजच्या पैशांत स्पायरोमेट्री करून घ्या, फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणारी. ती दरवर्षी करा, म्हणजे घसरण दिसेल. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी आणि एक्स-रे. थुंकीत किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही. एन-95 मास्क कण अडवतो, वायू नाही. बिडी असेल तर ती आधी सुटली पाहिजे. हाताला ग्लोव्हज, आणि धुवायला साबण.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: किती वर्षं पिटमध्ये, दिवसाला किती गाड्या, इंजिन आत चालू ठेवतात का, दारं पावसाळ्यात बंद असतात का. आणि त्यांचे कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, वेगळ्या बादलीत भिजवा.