बहुभाषिक माहिती आणि भाषासंकेताचे महत्त्व

‘शिक्षा’ हा शब्द देवनागरीत लिहिलेला आढळला, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? मराठी वाचक तो ‘दंड’ असा घेईल, हिंदी वाचक ‘शिक्षण’ असा. लिपी एक, अक्षरे तीच. अर्थ मात्र सर्वस्वी भिन्न. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, संस्कृत या भाषा देवनागरीत लिहिल्या जात असल्याने सुट्या शब्दाच्या अक्षरांवरून त्याची भाषा खात्रीने सांगता येत नाही. माणूस संदर्भावरून उलगडा करतो. संगणकाला मात्र भाषा सांगावी लागते.

परस्परांशी जोडलेली माहिती

निरनिराळ्या संस्थांनी साठविलेली माहिती एकमेकींशी जोडता यावी, यासाठी ‘लिंक्ड डेटा’ ही पद्धती विकसित झाली आहे. तीत प्रत्येक गावाला, वस्तूला वा संकल्पनेला स्वतंत्र ओळख देण्यात येते आणि तिची विविध भाषांतील नावे त्या ओळखीशी जोडली जातात. २०१२ मध्ये सुरू झालेला ‘विकिडेटा’ हा माहितीसंग्रह याचे ठळक उदाहरण होय. तेथे मुंबईची ओळख ‘क्यू ११५६’ अशी आहे. प्रत्येक नावासोबत भाषासंकेत असतो : मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’, इंग्रजीसाठी ‘ईएन’. मोडी लिपीतील मराठी मजकूर ‘एमआर-मोडी’ असा दर्शविता येतो.

हा संकेत मूल्याचाच भाग आहे. मराठी संकेताची ‘शिक्षा’ आणि हिंदी संकेताची ‘शिक्षा’ ही संगणकाच्या लेखी दोन भिन्न मूल्ये ठरतात. म्हणूनच संकेत न देता नेमके ‘शिक्षा’ हे मूल्य शोधल्यास, माहिती उपलब्ध असूनही उत्तर रिकामे येऊ शकते.

संकेत कोठे गळतो?

अशा संग्रहाला प्रश्न विचारण्यासाठी ‘स्पार्कल’ ही पृच्छाभाषा वापरतात. तिला २००८ मध्ये प्रमाणित स्वरूप मिळाले व २०१३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. या भाषेत विचारणा करताना संकेत प्रामुख्याने तीन ठिकाणी गळतो.

पहिले, ‘एसटीआर’ ही क्रिया मूल्यातून केवळ अक्षरे घेते व संकेत टाकून देते. दुसरे, ‘कॉन्कॅट’ने भिन्न संकेतांचे शब्द जोडल्यास तयार होणाऱ्या मजकुरास कोणताच संकेत राहत नाही. तिसरे, उत्तर ‘सीएसव्ही’ स्वरूपात उतरवून घेतल्यास भाषासंकेत त्यात येत नाहीत. कार्यालयांत हेच स्वरूप सोयीचे वाटते, म्हणून येथे विशेष दक्षता हवी.

घ्यावयाची काळजी

‘लँग’ या क्रियेने भाषासंकेत वेगळ्या स्तंभात मागवावा. मग ‘सीएसव्ही’ तक्त्यातही तो टिकतो. शक्य तेथे ‘टीएसव्ही’ किंवा ‘जेसन’ स्वरूप वापरावे, कारण त्यांत संकेत कायम राहतो. मोडीसारखे उपप्रकारही हवे असल्यास ‘लँगमॅचेस’ वापरावे. केवळ ‘एमआर’शी तंतोतंत तुलना केल्यास ‘एमआर-मोडी’ वगळले जाते. मराठी नाव नसल्यास हिंदी, तेही नसल्यास इंग्रजी, असा क्रम ठरविण्यास हरकत नाही. मात्र मिळालेले नाव कोणत्या भाषेचे आहे, याची नोंद त्यासोबत राहिली पाहिजे. तसे न केल्यास हिंदी नाव मराठी म्हणून तक्त्यात शिरते व पुढील प्रत्येक प्रतीत तेच उतरत जाते.

या दक्षतेचा लाभ थेट नागरिकांपर्यंत पोहोचतो. अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखविणारी संगणकयंत्रणा कोणत्या भाषेचे उच्चार वापरावेत, हे ठरविताना भाषासंकेताचा आधार घेते. ‘चमचा’ आणि ‘जहाज’ यांतील च-ज चे मराठी उच्चार हिंदीहून निराळे आहेत. शाळेची शब्दसूची असो वा ग्रामपंचायतीच्या योजनांची यादी असो, एकदा गळलेला संकेत पुन्हा लावावयाचा तर प्रत्येक शब्द जाणकाराने तपासावा लागतो. तक्त्यात एक स्तंभ वाढविण्याचे श्रम त्यामानाने फारच अल्प आहेत.