गोटी, काडेपेटी आणि स्कूटरची किल्ली

पालकहो, नववीच्या विज्ञानात दुसराच धडा ‘कार्य आणि ऊर्जा’चा. तो सुरू झाला की घरोघरी व्याख्यांचा जप चालू होतो. गतिज ऊर्जा म्हणजे काय, स्थितिज ऊर्जा म्हणजे काय, दोन सूत्रं, झालं. आई वही हातात धरून म्हणून घेते, मूल धडाधडा म्हणतं, आणि दोघंही निर्धास्त होतात. मला या निर्धास्तपणाचीच काळजी वाटते. कारण या धड्यातली सगळ्यात कामाची गोष्ट व्याख्येत नाही, ती सूत्रातल्या वेगाच्या डोक्यावर बसलेल्या छोट्याशा दोनच्या आकड्यात आहे.

एखाद्या रविवारी मुलाला सोबत घेऊन एवढं करून बघा. वायरिंगच्या केसिंगपट्टीचा तुकडा घ्या, त्याचं एक टोक पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा आणि दुसऱ्या टोकाशी गुळगुळीत फरशीवर रिकामी काडेपेटी आडवी ठेवा. आता पट्टीवरून गोटी सोडायची. पट्टीचा चढ बदलायचा नाही, फक्त गोटी सोडायची जागा बदलायची. आधी फरशीपासून ५ सेंटीमीटर उंचीवरून, मग २० सेंटीमीटरवरून. काडेपेटी किती सरकली ते मोजायचं. दर वेळी चार-पाचदा करून सरासरी काढा, कारण काडेपेटी हट्टी असते, मध्येच तिरकी पळते. उंची चौपट केली की पेटी साधारण चौपट लांब सरकते. आता मुलाला विचारा, गोटीचा वेग किती पट झाला? बहुतेक मुलं ‘चौपट’ म्हणतील. तो फक्त दुप्पट झालेला असतो. वेग दुप्पट, गोटीची ऊर्जा चौपट. हेच ते वर्गाचं चिन्ह.

मुलांना हे पटकन पटलं नाही तर रागावू नका. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातले मोठमोठे पंडित यावरून भांडत होते. हॉलंडच्या ग्रावेसांडेनं पितळेचे गोळे उंचावरून मऊ मातीवर टाकले आणि मातीत पडलेले खळगे तपासले. वेग दुप्पट, तर मातीवरचा परिणाम चौपट. फ्रान्समधल्या एमिली द्यू शातले यांनी १७४० साली छापलेल्या पुस्तकात वर्गाचीच बाजू लावून धरली. ते पुस्तक त्यांनी आपल्या किशोरवयीन मुलाला पदार्थविज्ञान समजावं म्हणून लिहिलं होतं, हे मला फार आवडतं.

स्थितिज ऊर्जेची अडचण वेगळी. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. पट्टीच्या वरच्या टोकाला बोटानं धरून ठेवलेली गोटी हलत नाही, तापत नाही. मग ऊर्जा आहे कुठे? अशा वेळी कोयनेकडे चला. तिथल्या धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर गप्प पडून असतं. तेच बोगद्यातून पश्चिमेला वळवून पोफळीच्या वीजगृहात सोडलं की सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येतं. वस्तुमान, गुरुत्वत्वरण, उंची यांचा गुणाकार मुलालाच करू द्या: १ गुणिले ९.८ गुणिले ४७५. एका लिटरमागे साधारण ४,६५५ ज्यूल. मग विजेचं बिल काढा. त्यातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी एका युनिटसाठी पावणेआठशे लिटर पाणी घाट उतरलं पाहिजे. प्रत्यक्षात थोडं जास्तच लागतं. रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवणाऱ्यांना हा आकडा ऐकवायला हरकत नाही.

उंची कुठून मोजायची, हा प्रश्न मात्र मुलं विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही. चौथ्या मजल्यावरच्या कठड्यावर कुंडी आहे. बाल्कनीच्या फरशीपासून ती एक मीटरवर, आणि खालच्या रस्त्यापासून तेरा मीटरवर. कुंडी तीच, पण फरशीच्या हिशेबात तिची ऊर्जा कमी आणि रस्त्याच्या हिशेबात तेरापट. शून्य कुठे धरायचं ते आपण ठरवायचं आणि मग एकाच हिशेबात मध्येच बदलायचं नाही. आणि काडेपेटी थांबल्यावर ऊर्जा गेली कुठे? घर्षणानं पेटी आणि फरशी किंचित तापली, थोडा आवाज झाला. तळहात एकमेकांवर घासायला सांगा, जास्त बोलावं लागणार नाही.

आता खरं मनातलं बोलते. नववीनंतर दहावी येते, दहावीत लांबचा क्लास येतो, आणि क्लासबरोबर स्कूटरची किल्ली मागितली जाते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरी किल्ली दिली जाते. कायद्याचं राहू द्या, गोटीचंच गणित पुढे न्या. स्कूटर आणि स्वार मिळून १६० किलो धरा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. गतिज ऊर्जा ८,००० ज्यूल. ताशी ७२ ला ती ३२,००० होते. ब्रेक करकचून दाबला तर गाडी काडेपेटीसारखीच चौपट लांब घसरत जाते. आणि हीच ऊर्जा उंचीत मांडली तर? ३६ चा वेग म्हणजे सुमारे पाच मीटरवरून पडल्याइतका, ७२ चा म्हणजे वीस मीटरवरून, जवळजवळ सातव्या मजल्यावरून. मागे मित्र बसवला तर ऊर्जा फक्त वाढलेल्या वजनाच्या पटीत वाढते. वेगाची गोष्ट वर्गाची.

हा हिशेब मुलाकडून वहीत करून घ्या. तो झाला की मूल बाबांच्या ऑफिसला जातानाच्या वेगाचंही उत्तर काढून दाखवेल, तेव्हा तयारीत असा.