करार आलाय ना? मग सहीची घाई नको

अगं, आधी मनापासून अभिनंदन! तुझ्या कथा ऑडिओ कंपनीला हव्यात, मुलांच्या पुस्तकासाठी चित्रंही तुझ्याकडूनच हवीत, यापेक्षा आनंदाची गोष्ट कोणती? आणि आता ईमेलला जोडून भलामोठा इंग्रजी करार आलाय. सोबत ते नेहमीचं वाक्यही असेल, "स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम, सगळेच करतात, उद्यापर्यंत सही करून स्कॅन पाठवा." ते वाचून तुझ्या पोटात गोळा आला असणार. प्रश्न विचारले तर काम हातचं जाईल, दुसऱ्या कुणाला देतील, ही भीती मी ओळखते. पण ऐक, जे लोक तुझ्या दोन प्रश्नांनी बिथरतात, ते रॉयल्टी मागितल्यावर कसे वागतील? "वकिलांना दाखवून आठवड्याभरात कळवते," एवढंच लिही. त्यात उद्धटपणा काही नाही.

मला तुला मुख्य गोष्ट सांगायची आहे ती ही, की कायद्याने तुला बरंच काही आधीच दिलेलं आहे. त्यातलं जे जातं, ते बहुतेक वेळा आपल्याच सहीने जातं. म्हणून वकील गाठायचा तो भांडण पेटल्यावर नाही, सही करण्याआधी.

तुझ्याकडे काय आहे ते आधी बघ. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार तू कथा लिहून पूर्ण केलीस की तिचा कॉपीराइट तुझा झाला. नोंदणी केली नाही म्हणून तो बुडत नाही. दाव्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. तरीही माझं ऐकशील तर महत्त्वाच्या कामाची नोंदणी करून ठेव. साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये आहे आणि वाद झाला तर ते प्रमाणपत्र प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतं. आणि हा हक्क टिकतो किती? तुझं आयुष्यभर आणि त्यानंतर ६० वर्षं. म्हणजे आज घाईत केलेली सही तुझ्या नातवंडांनाही बांधून ठेवू शकते.

करार हातात घेतलास की पहिल्यांदा एकच गोष्ट शोध. ही असाइनमेंट आहे की लायसन्स? असाइनमेंट म्हणजे घर विकणं, लायसन्स म्हणजे घर भाड्याने देणं. पैसे दोन्हीत मिळतात, पण घर कुणाचं राहतं ते बघायचं. शक्य असेल तिथे लायसन्सच दे. तेही ठरावीक माध्यमासाठी, ठरावीक भाषेसाठी, ठरावीक वर्षांसाठी. ऑडिओ कंपनीला ऑडिओचे हक्क पुरेसे आहेत. चित्रपट, वेबसीरिज, अनुवाद, नाट्यरूपांतर हे सगळं तिला कशाला हवं, असं सरळ विचार. उत्तर देता आलं नाही तर ते शब्द खोडायला सांग.

आता कायद्यातलं कलम १९ समजून घे, कारण ते तुझ्यासारख्यांसाठीच आहे. असाइनमेंट लेखी हवी आणि देणाऱ्याची सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश, मोबदला किती, हे त्यात स्पष्ट हवं. काळ लिहिला नसेल तर ती असाइनमेंट ५ वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतीच. हक्क घेऊन कंपनीने वर्षभरात त्यांचा वापरच केला नाही, तर न वापरलेले हक्क सुटतात. मात्र करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. हा शेवटचा भाग नीट लक्षात ठेव. म्हणूनच कंपन्यांचे करार लांबलचक असतात. "कायमस्वरूपी", "जगभर", "वापर केला नाही तरी हक्क परत जाणार नाहीत" हे शब्द कुठे दडलेत ते हायलायटर घेऊन शोध.

चित्रांच्या बाबतीत उलटं आहे, इथे जास्त सावध राहा. कुणी पैसे देऊन तुझ्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, फोटो काढून घेतले, आणि वेगळं काही ठरलं नाही, तर पहिला मालक काम करून घेणारा ठरतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचंही तसंच, ते मालकाचं. त्यामुळे चित्रांच्या कामात गप्प राहणं परवडत नाही. "कॉपीराइट चित्रकर्तीकडे राहील, प्रकाशकाला या पुस्तकाच्या या आवृत्तीपुरता वापराचा परवाना," हे वाक्य लेखी घेच. तीच चित्रं उद्या कॉफीच्या मगवर, बॅगांवर, टी-शर्टवर छापायची असतील तर वेगळा करार, वेगळे पैसे.

पुढचं माध्यमांचं. "आज ज्ञात असलेल्या आणि भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत" असं वाक्य तुला हमखास दिसेल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क आपोआप जात नाहीत. त्या माध्यमाचा करारात खास उल्लेख लागतो. पण आज अस्तित्वात असलेल्या गोष्टींना हे संरक्षण नाही. तुझा मजकूर किंवा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरायचा की नाही, हे आत्ताच लिहून घे. नको असेल तर "नाही" असं स्पष्ट लिहून घे.

आणि उद्या चित्रपटाची गाणी लिहिलीस तर याच दुरुस्तीची आणखी एक देणगी विसरू नकोस. गीतकार जावेद अख्तरांनी राज्यसभेत आणि बाहेर त्यासाठी केवढी खटपट केली होती! चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या गाण्याच्या गीतकाराला, संगीतकाराला पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा आता सोडून देताच येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. अशा हक्कावर पाणी सोडायला लावणारं कलम समोर आलं तर सही न करता वकिलाकडे जा.

पैशांची कलमं तर दोनदा वाच. रॉयल्टी छापील किमतीवर की कंपनीच्या हाती येणाऱ्या निव्वळ रकमेवर? पुस्तक ३०० रुपयांचं, रॉयल्टी १० टक्के. छापील किमतीवर असेल तर प्रतीमागे ३० रुपये. विक्रेत्याचं कमिशन वजा जाता प्रकाशकाकडे १५० येत असतील आणि रॉयल्टी त्यावर असेल, तर १५. टक्केवारी तीच, पैसे निम्मे. हिशेब किती महिन्यांनी मिळणार, हिशेबाची वही तपासायचा अधिकार तुला आहे का, हेही बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "रॉयल्टी ठरावीक मुदतीत मिळाली नाही तर नोटिशीनंतर हक्क लेखिकेकडे परत येतील," हे वाक्य घालून घे. ते नसेल तर विकलेले हक्क नुसते पैसे थकले म्हणून आपोआप परत येत नाहीत. मग वसुलीसाठी भांडत बसावं लागतं.

नुकसानभरपाईच्या हमीचं कलमही असतं. कुणी कंपनीवर दावा केला तर सगळा खर्च तू द्यायचास, असं त्यात लिहितात. तुझी जबाबदारी तुला मिळालेल्या रकमेपुरतीच ठेव. "लवाद कंपनी नेमेल" असं असेल तर तेही बदलायला सांग. निकालात स्वारस्य असलेल्या पक्षाने एकट्यानेच एकमेव लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच अमान्य केलंय.

करार व्हायच्या आधीचं एक सांगते. गोष्टीची कल्पना फोनवर, कॉफीवर सांगून टाकू नकोस गं. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं. नाटककार आनंद तो खटला हरले. पण विश्वासाने सांगितलेली सविस्तर संकल्पना वापरली तर गोपनीयतेचा भंग होतो. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या प्रकरणात २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हेच मानलं. फरक पडला तो लेखी टिपणामुळे. म्हणून संकल्पना नेहमी लिहून, तारखेसह, ईमेलने पाठव आणि "गोपनीय" असं वर लिही.

एवढं सगळं करूनही कुणी करार मोडला तर? रडायचं असेल तर रडून घे, पण रागाच्या भरात फेसबुकवर पोस्ट टाकू नकोस. समोरचा बदनामीची नोटीस पाठवतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. आधी पुरावा गोळा कर. लिंक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट, ईमेल, व्हॉट्सअॅपचे संवाद, बँकेच्या नोंदी. मूळ फोन फॉरमॅट करू नकोस. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतील.

मग नेमकं काय झालंय ते ओळख. ठरलेले पैसे दिले नाहीत, तर तो करारभंग. जे हक्क दिलेच नव्हते ते वापरले, तर ते कॉपीराइटचं उल्लंघन. तिथे न्यायालयाकडून मनाई हुकूम मागता येतो, भरपाई आणि नफ्याचा हिशेबही मागता येतो. नाव गाळलं किंवा तुझ्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड केली, तर कलम ५७ आहे. ते कॉपीराइट विकल्यावरही तुझ्याकडे राहतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं आपलं भित्तिशिल्प उखडून गोदामात टाकलं म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल सरकारशी लढले. २००५ मध्ये त्यांना शिल्पाचे अवशेष परत मिळाले आणि ५ लाख रुपये भरपाईही.

वकिलाची नोटीस ही पहिली पायरी. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. दावा ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी स्वरूपाचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तिला घाबरू नकोस, सन्मानाने मिटत असेल तर मिटव. उल्लंघनाचा दावा तू राहतेस त्या जिल्ह्याच्या न्यायालयातही लावता येतो, त्यासाठी दिल्ली-मुंबई गाठावी लागत नाही. फक्त मुदत सांभाळ. करारभंग आणि भरपाई, दोन्हींसाठी साधारण ३ वर्षं. "बघू, करू" म्हणत ती निघून जातात.

वकील निवडताना कॉपीराइटचं काम केलेला निवड. एका कागदावर तारखांनुसार घडलेलं लिहून ने, त्याने वेळ आणि फी दोन्ही वाचतात. फी आधीच लेखी ठरव. "जिंकलो तर अमुक टक्के" असा व्यवहार भारतात वकिलांना करता येत नाही, तसं म्हणणाऱ्यापासून दूर राहा. आणि पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नकोस. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. लिहून ठेव.

तुझं लिखाण तुझ्या कष्टाचं आहे, त्यावर तुझं नाव आणि तुझा हक्क राहिलाच पाहिजे. तेव्हा आज रात्री करार पूर्ण वाच, शंका लिहून काढ आणि उद्या वकिलाची वेळ घे. सही त्यानंतर.