मूळव्याध समजून गप्प बसू नका

आपण कोकण-मुंबई सोडून इकडे आलो, तसेच कोकणातील पुष्कळ तरुण पोटापाण्यासाठी कुवेतला गेले. तेथे आज सुमारे 10 लाख भारतीय आहेत व त्यांतील बहुतेक कमावत्या वयाचे आहेत. म्हणून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा हा पाठ आम्ही कुवेतपासून सुरू करीत आहोत.

कुवेतमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच कर्करोग अधिक आढळतो. नोकरीसाठी तेथे जाणाऱ्याची निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते. छातीचा एक्सरे काढतात. एड्स, कावीळ वगैरेंसाठी रक्त तपासतात. आतडे मात्र कोणी पाहत नाही. दाखल्यावर 'फिट' असा शेरा पडला, की तरुणास वाटते, सारे शरीर ठीक आहे. पुढे शौचावाटे रक्त गेले तर तो मूळव्याध समजून मलम लावतो आणि 'सुट्टीत घरी गेल्यावर दाखवू' म्हणतो. मोलाचा काळ असाच निघून जातो.

हा केवळ म्हातारपणाचा रोग नव्हे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील 800 रुग्णांची पाहणी 2017 साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय सुमारे 47 होते. अमेरिकन नट चॅडविक बोझमन 2020 साली 43 व्या वर्षी याच रोगाने वारला. अमेरिकेतील तज्ज्ञांनी 2021 साली तपासणी सुरू करण्याचे वय 50 वरून 45 वर आणले.

रोगाची सुरुवात बहुधा आतड्याच्या अस्तरावरील लहानशा कोंबापासून होते. त्यास पॉलिप म्हणतात. सर्वच पॉलिप घातक नसतात. ज्यांचा कर्करोग होतो, त्यांना बहुधा 10 वर्षे लागतात. दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, पॉलिप तेथल्या तेथे काढता येतो व पुढचे संकट टळते.

या चार खुणा ध्यानात ठेवाव्यात:

1. शौचावाटे रक्त जाणे.
2. पोटात वारंवार दुखणे.
3. जुलाब न थांबणे किंवा शौचाची नेहमीची सवय बदलणे.
4. रक्तात लोह कमी होऊन थकवा येणे.

यांपैकी एकही खूण दिसल्यास वय न पाहता डॉक्टरकडे जावे. मूळव्याध आहे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

आईवडील किंवा भावंडांपैकी कोणास हा रोग झाला असल्यास 40 व्या वर्षी, अथवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या 10 वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी करावी. वडिलांना 48 व्या वर्षी झाला असेल, तर मुलाने 38 व्या वर्षीच करावी. यासाठी वडीलधाऱ्यांनी आपले दुखणे लाजेने लपवू नये. मुलाबाळांना स्पष्ट सांगावे. आणि परदेशी असलेल्या मुलास कळवावे, की बाबा, सुट्टीची वाट पाहू नकोस.